सांगणारा कुठं उभा होता?

आमच्या घरात मारायच्या वस्तूंना ठरलेल्या जागा होत्या. कासरा ओसरीच्या खुंटीला, बैल टोचायची पराणी दारामागं आणि उलथनं चुलीजवळ. कासरा आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पराणी माझ्या थोरल्या भावाची, दिगूदादाची. उलथनं आईचं, पण ते माझ्या पाठीपर्यंत यायच्या आत तिचा हात ढिला पडायचा. आण्णांचा पडायचा नाही. सकाळी अंधारात ते खोकत उठायचे आणि त्या खोकल्यावरून आम्ही घरातली सगळी दिवसाचा अंदाज बांधायचो. खोकला ओला असेल तर निभावलं. कोरडा आणि तुटक असेल तर आई भाकरीचं पीठ मळता मळताच मला डोळ्यांनी सांगायची, आज समोर येऊ नको. ज्वारीची भाकरी जरा करपली तर ती ताटातून सरळ अंगणात जायची आणि मागून ताटही जायचं. त्या पितळी ताटाचा दगडावर आपटल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. आता कुणी लग्नकार्यात ‘जुन्या काळी घरं कशी मायेनं भरलेली असायची’ असं म्हणालं की मी उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसते. माया होती, नाही असं नाही. पण ती चुलीपाशी, खालच्या आवाजात असायची. ओसरीवर तिला यायला परवानगी नव्हती.

आण्णांची जमीन मोठी, बैल देखणे आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांना दुखायचं ते एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे तात्या. तात्या त्यांचे चुलतभाऊ. वाटण्या झाल्या, मधे भिंत आली, पण भिंतीपलीकडं काय शिजतं यावर आण्णांचं पोट भरायचं की जळायचं ते ठरायचं. तात्यानं विहिरीला कठडा बांधला की आमच्या विहिरीला दोन हात उंच कठडा. तात्याची मुलगी सातवीपर्यंत शिकली म्हणून मला शेजारच्या वाशी गावच्या शाळेत दहावीपर्यंत घातलं. माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर ते भाऊकीच्या वैराला द्यावं लागेल. विद्येची आवड वगैरे आमच्या घरी कुणाला नव्हती.

त्या वर्षी शाळेत मराठीला नवीन बाई आल्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर उतरवून देणं त्यांना मान्यच नव्हतं. एकदा त्या वर्गात आल्या तेव्हा खिडकीकडच्या बाकड्यावरून दोन पोरं जुंपली होती. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर कंपासपेटी हाणली होती, ओठ फाटून शर्टावर रक्त आलं होतं. आम्ही वाट बघत होतो की आता छडी निघणार. बाईंनी ओठ फुटलेल्याला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "आता काय झालं ते सांग." त्यानं सांगितलं. मग मारणाऱ्याला सांगायला लावलं. त्याच्या सांगण्यात तोच बिचारा होता आणि कंपासपेटी आपोआप उडून गेली होती. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. तिनं तिसरंच सांगितलं, की आधी पायात पाय कुणी घातला ते तिला मागून दिसलं होतं. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘निवेदक’. "गोष्ट ऐकताना आधी हे विचारायचं," त्या म्हणाल्या, "सांगणारा कोण आहे आणि तो कुठं उभा होता? जिथून त्यानं बघितलं, तेवढंच त्याला दिसलं."

असंच त्यांनी एकेक शिकवलं. पात्र, कथानक, स्थळकाळ, संघर्ष. गोष्टीत संघर्ष कशाला लागतो असं विचारलं तर मागून एक जण ओरडला, "बाई, भांडणच न्हाय तर बघायला कोण येतंय?" बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, अगदी बरोबर आहे. कथानकाचं त्यांनी सांगितलं ते मी पुढं स्वतः शिक्षिका झाल्यावर शेकडो पोरांना सांगत आले: घटना एकामागून एक आल्या म्हणजे कथानक होत नाही, पहिलीच्या पोटातून दुसरी निघाली पाहिजे, आणि माणूस जे करतो ते त्याच्या स्वभावातून आणि कारणातून आलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणतो, हे पटत नाही. आता माझी नात गाइडमधून पाठ करते, ‘निवेदक म्हणजे कथा सांगणारा, गुण एक.’ मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते. देत नाही. आमच्या घरात तेवढं मारून झालेलं आहे.

ते शब्द मी घरी घेऊन आले आणि लपूनछपून वापरायला लागले. आण्णांच्या खोकल्याला मनातल्या मनात ‘वातावरणनिर्मिती’ म्हणायचे. एकदा आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नाव ठिवल्यानं खोकला कमी हुतोय व्हय?" कमी होत नव्हता. पण नाव ठेवलं की मला जरा बाजूला उभं राहून बघता यायचं, आणि भीती थोडी कमी व्हायची.

मग पोळा आला. आमच्या गावात पोळ्याला वेशीत दोन मेढी रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधत आणि त्याखालून पहिली जोडी आमची जाई. तो मान. वाटणीत शेत वाटलं, विहिरी वाटल्या, भांडी वाटली, मान वाटायचा राहिला. तात्यांचं म्हणणं, एक साल तुमचं एक साल आमचं. आण्णांचं म्हणणं, मान थोरल्या घराचा, तोडून द्यायला ती काय भाकरी आहे? त्या साली पंचांनी समजूत घातली होती, आमची जोडी पुढं आणि तात्यांची लगेच मागं, जवळजवळ खांद्याला खांदा. समजूत म्हणायची, पण आदल्या दिवसापासून घरात सगळे दात आवळूनच बोलत होते. खांदेमळणीला आमचा सालगडी लिंबा बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत त्यांच्या कानात ‘आज आवतन, उद्या जेवाय या’ म्हणत होता, तेवढाच एक प्रेमाचा आवाज. सकाळी आईनं आणि लिंबाची बायको राही हिनं मिळून पुरण वाटलं. येळवणीच्या आमटीचा वास घरभर, गुळवणीचं पातेलं भरलेलं, कुरडया तळून टोपल्यात. बैलांना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. ते पुरण त्या दिवशी कुणीच खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी ते आंबलं आणि राहीनं उकिरड्यावर नेऊन टाकलं.

बायकांनी पोळा बघायचा तो माळवदावरून. आमची घरं मातीच्या सपाट छताची, त्यालाच माळवद म्हणतात, आणि आमचं माळवद वेशीला अगदी लागून. आई आणि मी कठड्याशी उभ्या होतो. खाली हलग्या कडाडत होत्या, धुळीत नुसत्या झुली, बाशिंगं आणि पटके दिसत होते. लिंबा दोन्ही हातांनी आमच्या जोडीचा कासरा धरून पुढं. शेजारी तात्यांचा मुलगा विष्णू, त्याच्या हातात जोडी, त्यातला एक कोवळा गोऱ्हा, पहिल्यांदाच सजवलेला. हलगीवाल्यांनी एकदम चाल बदलली आणि तो गोऱ्हा बुजला. कान मागं टाकून त्यानं जी उसळी घेतली ती सरळ तोरणाखाली. शिंगात तोरण अडकलं, तुटलं, पानं खाली आली. आम्हाला वरून स्पष्ट दिसत होतं: विष्णू कासऱ्याला लटकला होता, टाचा मातीत रोवून सगळ्या अंगानं त्याला मागं ओढत होता, आणि ओशाळून हसत होता. लहानपणापासून त्याला तशीच सवय, चूक झाली की हसायचा. खालच्यांना मात्र त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना गर्दीच्या डोक्यांवरून फक्त गोऱ्ह्याचं डोकं आमच्या बैलांच्या पुढं गेलेलं दिसलं आणि विष्णूचं हसणं.

मेढी रोवायला आणलेली पहार तिथंच मेढीला टेकवून ठेवली होती. शेजारीच उभ्या असलेल्या दिगूदादानं ती उचलली. मी त्याचं नाव ओरडले, पण हलग्यांत कुणाला काय ऐकू जाणार? पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. विष्णू खाली बसला तो हळूच, जेवायला बसावं तसा, आणि मग आडवा झाला. तरी त्याच्या मुठीतला कासरा सुटला नव्हता, त्यामुळं बुजलेल्या गोऱ्ह्यानं त्याला वेशीतून आत फरफटत नेलं. आईनं माझे डोळे झाकले, पण उशिरा. तिच्या हाताला पुरणाचा, वेलदोड्याचा वास येत होता. आजही पुरण शिजताना मी स्वयंपाकघरात थांबू शकत नाही, सुनेला सांगते, तू कर, मी बाहेर बसते. खाली काठ्या सुरू झाल्या होत्या. कुणाची डोकी फुटली, कुणाची बोटं मोडली, सुटलेले बैल माणसांतून धावत होते आणि त्यांच्या घुंगरमाळा तशाच वाजत होत्या.

विष्णूला बैलगाडीत घालून वाशीला नेलं, पण तो वाटेतच गेला. ओढ्याला पाणी चढलं म्हणून ठाण्यातला फौजदार दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असा निरोप आला. त्या सकाळी आण्णांनी घरची आणि बांधाशेजारची मिळून चार माणसं ओसरीवर बसवली. दिगूदादा आतल्या खोलीत अंधारात बसून होता. लिंबा अंगणात, बैलांच्या दावणीशी उकिडवा. आण्णांचा हिशोब सरळ होता. तात्या दिगूचं नाव घेणारच, तो वैरी आहे, त्याचं कोण खरं मानतंय? बाकी गाव आपल्या शब्दाबाहेर जात नाही, आपली माणसं एका तोंडानं बोलली म्हणजे झालं. पहार लिंबानं मारली. लिंबाला तसं सांगूनही झालं होतं आणि तो म्हणाला होता, "मालक म्हणत्याल तसं." आण्णांनी मला हाक मारली. "सुमे, हिकडं ये. त्या बाईच्या शाळंत गोष्टी रचायला शिकतीस न्हवं? आता घरासाठी एक रच. समद्यांनी एकच सांगाय पायजे. कुठनं सुरू करायचं, मधी काय, शेवटाला काय, नीट जुळीव."

मी दारात उभी होते. मला वाटलं, गोष्टीचं भोक दाखवलं तर ती आपोआप पडेल. मी म्हणाले, "आण्णा, लिंबाच्या दोन्ही हातांत कासरा हुता. मग पहार कशानं उचलली?"

आण्णांनी क्षणभर विचार केला. "कासरा दिगूच्या हातात हुता म्हणायचं."

"पर लिंबा कशाला मारंल विष्णूला? त्याचं काय वैर? कारणच न्हाय. कुणाला पटायचं न्हाय."

अंगणात राही शेणकाला करत होती. आण्णांची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच थांबली. मग ते शांतपणे म्हणाले, "कारण हाय की. विष्णूचा राहीवर डोळा हुता. लिंबाला ते कळलं." आणि चारी माणसांनी मान डोलावली, कारण आता गोष्ट खरंच पटण्यासारखी झाली होती. बाईंनी शिकवलेलं सगळं तीत होतं. पात्र होतं, कारण होतं, एका घटनेतून दुसरी निघत होती. वाईट माणूससुद्धा फार चांगला गोष्टीवाला असू शकतो हे मला त्या सकाळी कळलं, आणि ते कुठल्याही गाइडात नाही. राहीचे शेणातले हात तसेच थांबले. लिंबा पहिल्यांदा उभा राहिला. "मालक," तो म्हणाला, "मला फासावर द्या. तिचं नाव घेऊ नगा." आण्णांनी खाली उतरून त्याच्या छातीत लाथ घातली. तो दावणीत पडला. परत उठला तर परत घातली.

"आता तू सांग ह्यास्नी," आण्णा धापा टाकत मला म्हणाले, "कोणी काय बोलायचं."

"म्या न्हाय रचणार," मी म्हणाले.

खुंटीवरचा कासरा खाली आला. त्या माराचं वर्णन मी करणार नाही, एवढंच सांगते की नंतर पाठीवर झोपता येईना आणि पोटावर झोपलं तर श्वास घेता येईना. आईनं मधे हात घातला तेव्हा तिच्या बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या. माझ्याविनाही गोष्ट तयार झाली. आण्णांनी ती स्वतःच चौघांकडून म्हणून घेतली, पाढे म्हणून घ्यावेत तशी.

दुपारी फौजदार आला. चिखलानं भरलेले बूट, बरोबर दोन शिपाई. ओसरीवर बाज टाकली, तिच्यावर बसून तो लिहून घ्यायला लागला. मी आतून ऐकत होते. पहिला म्हणाला, "लिंबानं पहार उचलली आन् ‘माझ्या बायकोकडं बघतूस व्हय’ म्हणून घातली." दुसरा म्हणाला, "लिंबानं पहार उचलली आन् ‘माझ्या बायकोकडं बघतूस व्हय’ म्हणून घातली." तिसराही तेच, चौथाही तेच. फौजदारानं एकदा मान वर करून चौथ्याकडं बघितलं, पण उन्हातून आलेला, दमलेला माणूस तो. लिंबाच्या हाताला दोरी बांधली. त्यानं काहीच नाकारलं नाही. राही खांबाला धरून उभी होती आणि शेजारच्या बायका तिच्याकडं आत्ताच वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या होत्या.

आईनं चहाचा ट्रे नेला. ती परक्या पुरुषापुढं कधी आली नव्हती. पदर नाकापर्यंत ओढलेला, मनगटाला फडकं बांधलेलं. तिनं ट्रे बाजेवर ठेवला, पण ती मागं फिरली नाही.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी खाली हुते त्यास्नीच इचारलं. वर माळवदावर कोण हुतं, ते इचारलंच न्हाय."

आण्णांच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी फौजदाराच्या देखत तिच्या कपाळावर मारला. आई खाली बसली. फौजदार उठला, शिपायांनी आण्णांचे दंड धरले. आईच्या भुवईतून रक्त गालावर आलं, तिनं ते पदरानं पुसलं आणि बसल्या जागेवरूनच बोलली, "पहार माझ्या लेकानं मारली. दिगंबरनं. लिंबाच्या हातात कासरा हुता. राहीचं नाव त्यात कुठंच न्हाय, त्ये हितं सकाळी बसून जोडलंय. आन् विष्णू बैल पुढं काढत न्हवता सायेब. त्यो बैलाला मागं वढत हुता."

"मी पण बघितलंय," मी दारातून म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला परत म्हणावं लागलं.

फौजदार आम्हा दोघींबरोबर शिडीनं माळवदावर चढला. कठड्याशी उभा राहून त्यानं खाली वेशीकडं बघितलं. मेढी तशाच होत्या, वाळलेली पानं मातीत तुडवलेली, विष्णूच्या टाचांनी ओढलेल्या दोन चऱ्या जमिनीवर अजून दिसत होत्या. मग भिंतीपलीकडच्या घरातून विष्णूच्या आईचा हंबरडा आला आणि त्यानं टोपी काढली. आम्ही खाली आलो तेव्हा दिगूदादा आतून आपण होऊन बाहेर आला होता. त्यानं लिंबाच्या हाताची दोरी सोडवायला घेतली, पण त्याला गाठ सुटेना. शेवटी शिपायानं सोडवली आणि त्याच्याच हाताला बांधली. त्यानं आईकडं बघितलंसुद्धा नाही.

त्याला जन्मठेप झाली. आण्णा आईशी त्यानंतर मरेपर्यंत बोलले नाहीत. शेजारीण हळहळली तर आई म्हणायची, "बोलत हुते तवा तरी काय अभंग म्हणत हुते?" लिंबा आणि राही गाव सोडून परंड्याकडं गेली, तिकडंच राहिली. गावातल्या बायका पाणवठ्यावर आई आली की बाजूला होत. पोटच्या पोराला पोलिसांच्या हाती देणारी बाई, म्हणत. हे तिनं ऐकलं आणि घागर भरून घरी आली.

मुलाखतीच्या दिवशी ती भाकरी, शेंगाची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून एसटीनं तुरुंगात जायची. मी बरोबर असायचे. दिगूदादा जाळीपलीकडं आमच्याकडं पाठ करून उभा राहायचा. आई वेळ संपेपर्यंत त्याच्या पाठीशी बोलायची, कुठली गाय व्याली, कुठं तूर लागली. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका खेपेला तो वळला. शिपायाच्या हातून भाकरी घेऊन तिथंच जमिनीवर बसला आणि खाल्ली, रडत रडत, चटणी सांडत.

परतीच्या वाटेवर येडशीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो होतो. मी तिला विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता. म्हणाले, आई, तू कशी बोललीस? खरं सांगायचं म्हणून? लिंबासाठी? राहीसाठी? मला तिच्याकडून एखादं मोठं वाक्य हवं होतं, बाईंना जाऊन सांगता येईल असं.

आईनं रिकामं फडकं झटकलं, त्यातला भाकरीचा चुरा चिमण्यांना पडला. "त्येबी खरंच," ती म्हणाली. "पर म्या इचार केला, लिंबा जेलात आन् दिगू घरात ओसरीवर बसलाय. दिवस मावळला, त्यो म्हणतोय, आई, वाढ. तवा त्याच्या ताटात म्या भाकरी कशी वाढली आसती? माझा हातच उचलला नसता बाई. आता जेलात का हुईना, माझ्या हातचं त्याच्या पोटात जातंय."